मनभरचा परिच्छेद

३ फेब्रुवारी

कॅप्टनसाहेब आज चारचौघांत म्हणाले, "उकिडवेजी हमारे दिमाग हैं." घरी आल्यावर रमाला सांगितलं. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मग त्यांचं स्वतःचं कुठे गेलं?"

रमाला राजकारणातला माणूस म्हटलं की तिरकं बोलायचंच असतं. कॅप्टन देवकरण नरूका तसे नाहीत. पाच वर्षं सैन्यात होते, पुढची सगळी वर्षं पक्षात. पुढच्या विधानसभेचं तिकीट हवंय, आणि ते लपवत नाहीत. त्यासाठी जयपूरच्या आसपास 'सुरक्षा संवाद' नावाच्या सभा घ्यायच्या ठरल्या आहेत. भाषणं मी लिहायची. विमा कंपनीत असताना राजभाषा पंधरवड्यात माझ्या हिंदी निबंधाला दर वर्षी बक्षीस मिळायचं, ते कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं असावं.

निवृत्तीनंतर प्रताप नगरच्या या घरात बसून बसून माणूस पंख्यासारखा फिरतो, जात कुठेच नाही. निदान आता सकाळी फोन तरी वाजतो.

६ फेब्रुवारी

आज त्यांचे विचार समजून घेतले. ते सोफ्यावर आडवे, डोळ्यांवर ओला रुमाल. थकलेले दिसतात हल्ली.

म्हणाले, आधी देशाची सुरक्षा, मग बाकी सगळं. "जिस घर का दरवाज़ा टूटा हो, वहाँ रसोई की चिंता कौन करता है?"

मी म्हटलं, साहेब, दारावर जो उभा असतो त्याला स्वयंपाकघराचीच चिंता असते. त्याच्या मागे त्याचं घर कुणी बघणार असेल तरच तो पुढे बघतो. सामाजिक सुरक्षा ही काही खैरात नव्हे. चौतीस वर्षं विम्यात काढली मी, मला एवढंच कळलं आहे.

त्यांनी रुमाल काढून माझ्याकडे पाहिलं. "बहुत गहरी बात है. लिखिए इसे."

बरं वाटलं. माणूस ऐकतो. हळूहळू वळवता येईल.

९ फेब्रुवारी

साहेबांना मंचावर एक वीरनारी हवी आहे. शहीद जवानाची पत्नी. "भाषण तो कान से सुना जाता है, आँख के लिए भी कुछ चाहिए." त्यांना माझ्याकडूनच कळलं होतं की आमच्या गल्लीपलीकडे अनुश्री खलाटे राहते.

ही फलटणकडची. नवरा दशरथ हवालदार होता. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात जैसलमेरच्या बाजूला एका डेपोत आंधी आली, पत्र्याची शेड कोसळली, तिच्याखाली गेला. लेकीची शाळा मोडायला नको म्हणून ही जयपुरातच राहिली. पेन्शन आहे, शिवाय बालवाडीत शिकवते. सलोनी नऊ वर्षांची, दुपारी बरेचदा आमच्याकडेच असते. रमा तिला मराठी वाचायला शिकवते.

मी विषय काढला तेव्हा अनुश्री वाळलेले कपडे घडी करत होती. बराच वेळ घडीच करत राहिली.

"काका, मंचावर बसून काय करायचं?"

"काही नाही. नुसतं बसायचं."

"मग माझी एक अट आहे." तिने सांगितलं ते मला नवीन होतं. त्या शेडखाली दोन माणसं गेली होती. दशरथ, आणि ठेकेदाराकडचा एक हमाल. जयपूरपलीकडच्या चाकसूजवळच्या गावचा. त्याची बायको मनभर. दोघी पहिल्यांदा भेटल्या त्या शवागाराबाहेरच्या बाकावर. "मला मिल्ट्रीची गाडी आली, मानवंदना झाली, सगळं झालं. तिला ठेकेदार म्हणाला, तुझा माणूस त्या दिवशी कामावर नव्हताच. प्रेत शेडखालनं निघालं, काका, आणि म्हणे कामावर नव्हता. ती आता वीटभट्टीवर जाते. मी बसते मंचावर. पण तुमच्या साहेबांनी तिचं बोललं पाहिजे. मतलब, तिच्यासारख्यांचं."

मी शब्द दिला. साहेबांना फोन केला. ते लगेच म्हणाले, "बिल्कुल. यही तो सामाजिक सुरक्षा है."

१० फेब्रुवारी

मनभरचा परिच्छेद लिहिला. तीनदा लिहिला. 'एक ही छत गिरी, एक ही आँधी में. एक घर को देश ने थाम लिया, दूसरे घर से कहा, तुम्हारा आदमी था ही नहीं.' रमाला वाचून दाखवला. तिने चहा परत गरम करून आणला. म्हणजे चांगला झाला असणार.

१५ फेब्रुवारी

मुरलीपुऱ्यात पहिली सभा. लहान कारखानदार, माजी सैनिक, बायका बऱ्यापैकी. अनुश्री मोतिया रंगाची साडी नेसून बसली होती. कॅप्टनसाहेब सीमेवर बोलले आणि खरंच चांगलं बोलले. लोक उठून घोषणा देत होते.

परिच्छेद राहिला. मागाहून म्हणाले, माइकवाल्याने इशारा केला, वेळ संपली होती. पुढच्या वेळी नक्की.

गाडीत अनुश्रीला सांगितलं. "बरं," म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. सीकर रोडला ट्रॅफिक फार होता. घरी पोचेपर्यंत माझी पाठ धरली.

२२ फेब्रुवारी

आणखी दोन सभा झाल्या. दोन्हींत परिच्छेद नाही. एकदा पक्षाचे जिल्हाध्यक्ष आले म्हणून, एकदा लोक उठायला लागले म्हणून. कारणं खरी होती, मी स्वतः तिथे होतो.

साहेबांची एक सूचना आली. 'कर्तव्य पर प्राण दिए' फार सरकारी वाटतं. सीमेचा उल्लेख हवा. मी म्हटलं, साहेब, डेपो होता तो. मग तोडगा काढला: 'सरहदी इलाक़े में'. जिल्हा सीमेवरचाच आहे, त्यामुळे एक अक्षरही खोटं नाही. मरणाच्या वर्गवाऱ्या मला नवीन नाहीत. कुठल्या मरणाला कुठला शब्द लावला की पुढे काय होतं, हे आयुष्यभर बघितलं. साहेब म्हणाले, "वाह! इसे कहते हैं भाषा."

२७ फेब्रुवारी

दुपारी सलोनी आली. रमा भाजीला गेली होती. पोरगी माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "आजोबा, मैंने... मी व्हिडिओ बघितलं. बाबांचं. तो कॅप्टन अंकल बोलतो बाबांनी दुश्मनला रोकलं. क्लासमध्ये सगळ्यांनी बघितलं. किती दुश्मन होते?"

कुठल्या सभेत साहेब असं म्हणाले ते मला आठवेना. भाषणाच्या भरात निघून गेलं असेल.

मी म्हटलं, "तुझे बाबा फार शूर होते."

"पण किती?"

"मोजून शूर होता येतं का, बाळा?"

ती हसली. वेळ निभावली. योग्य तेच बोललो असं वाटतं.

रमा आल्यावर सांगितलं तर तिने पिशवी ओट्यावर ठेवली आणि भाज्या धुवायला घेतल्या. रात्री जेवताना म्हणाली, "त्या पोरीला वादळ माहीत होतं रे. तिच्या आईने तिला सगळं सांगितलं होतं. आता तिला कुणाचं खरं धरायचं?"

रमा मला 'रे' म्हणते तेव्हा ती फार रागावलेली असते.

५ मार्च

धुळवड झाली. कॉलनीतल्या पोरांनी रंगवलं. अंग अजून दुखतंय.

अनुश्री आली होती. बसली नाही, दारातच उभी. म्हणाली, चाकसूची सभा ठरलीये ना, तिथे मनभर येणार आहे. हिनेच कळवलं होतं. "भट्टीवर खाडा करून येतेय, काका. तिला मी सांगितलंय की तुझं बोलणार आहेत. आता तिथे तरी राहू देऊ नका."

मी संध्याकाळी साहेबांच्या घरी गेलो. तिथे गर्दी होती, तिकिटाचं कुजबुजणं चालू होतं. साहेबांना बाजूला घेऊन सांगितलं, चाकसूला ती बाई स्वतः समोर असेल. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात गरम होता, अंगात कणकण असावी. "उकिडवेजी, मैं भूला नहीं हूँ. ज़बान दी है मैंने."

मला त्यांची दया आली. इतक्या लोकांना दिलेला शब्द एकटा माणूस कुठवर पाळणार?

८ मार्च

चाकसूहून आत्ताच आलो. जे झालं ते क्रमाने लिहितो, नाहीतर उद्या माझंच मला वेगळं आठवेल.

शीतला मातेचा मेळा तोंडावर आलाय, टोंक रोडवर पाळणेवाले आणि खेळण्यांचे टेम्पो. मंडप भरलेला. उकाडा सुरू झाला आहे. बायकांचा भाग डाव्या हाताला, बांबूच्या कठड्यामागे. मी मंचाच्या पायऱ्यांपाशी उभा होतो. अनुश्रीने वरून मला खुणेने दाखवलं. दुसऱ्या रांगेत, पिवळ्या ओढणीतली. घुंघट अर्धा, दोन्ही बाजूंना दोन मुली. हीच मनभर.

साहेब उभे राहिले. त्यांच्या हातात माझे कागद होते. परिच्छेद मी या वेळी मुद्दाम पहिल्या पानावर घेतला होता.

त्यांनी पहिलं पान मागे सारलं.

मग सीमा, मग शत्रू, मग अनुश्रीकडे हात करून, "यह बहन! इनके पति ने सरहद पर दुश्मन की गोली सीने पर खाई! पीठ पर नहीं, सीने पर!"

मंडप उसळला. मी मनभरकडे पाहिलं. ती टाळ्या वाजवत नव्हती. ती मान वर करून अनुश्रीकडे बघत होती, जसं आपण चुकीच्या स्टेशनवर उतरल्यावर पाटीकडे बघतो.

अनुश्री उठली. मला वाटलं तिला चक्कर येतेय. ती माझ्या शेजारून पायऱ्या उतरली. मी "अनुश्री" म्हटलं, तिने ऐकलं नाही. बांबूखालून वाकून आत गेली, दुसऱ्या रांगेत, आणि सतरंजीवर मनभरला टेकून बसली. धाकट्या मुलीला मांडीवर घेतलं. एवढंच.

माइकमधून नुसती घरघर.

मग साहेब म्हणाले, "देखिए! देख लीजिए! शहीद की पत्नी मंच छोड़कर जनता के बीच जा बैठी है! यही है भारत की नारी!"

मुरलीपुऱ्यातसुद्धा इतक्या टाळ्या पडल्या नव्हत्या. लोक खुर्च्यांवर चढून फोटो काढत होते. आणि लिहायचं ठरवलंच आहे तर हेही लिहितो, माझेही हात वाजले. सवयीने.

सभा संपल्यावर अनुश्री गाडीत बसायला तयार नव्हती. बसने जाते म्हणाली. मी तिच्यामागे स्टँडपर्यंत चालत गेलो.

"काका, ते तुम्ही लिहिलं होतं?"

"परिच्छेद? लिहिला होता गं, पहिल्याच पानावर..."

"तो न्हवं. गोळीचं."

"छे छे. मी फक्त 'सरहदी इलाक़ा' लिहिलं होतं."

तिने पदराने तोंड पुसलं. थकून गेली होती. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"तेवढं पुरलं त्यांना," म्हणाली. आणि बस आली.

९ मार्च

दोन पेपरांत फोटो आहे. अनुश्री, मांडीवर मुलगी. शेजारी मनभरचा अर्धा घुंघट दिसतो. फोटोखाली तिच्याबद्दल काही नाही.

साहेबांचा फोन आला. खूश आहेत. विचारत होते, ही कल्पना माझी होती का.

मी 'नाही' म्हणालो. त्यांना तो विनय वाटला.

११ मार्च

आज बासोडा. शेजारणींकडून रमाने उचललेली रीत. चूल पेटवायची नाही, कालचं गार जेवायचं. आमची शीतळासप्तमी श्रावणात, तीही ती करतेच. ताटात ताक-बाजरीची थंड राबडी आणि गोड पुए वाढून ठेवले होते आणि रमा घरात नव्हती.

संध्याकाळी आली. अनुश्री आणि सलोनीला घेऊन ती चाकसूजवळच्या त्या गावी जाऊन आली. मला विचारलं नाही, सांगितलंही नाही.

मी म्हटलं, "मेळ्याच्या गर्दीत कशाला गेलात?"

"सलोनीला जायचं होतं."

अनुश्रीने तिला बसवून सगळं परत सांगितलं म्हणे. वादळ, शेड, सगळं. गोळी नव्हती, दुश्मन नव्हता, बाबा ताडपत्री बांधायला धावले होते. पोरगी रडली, आईवर चिडली, शाळेत आता काय सांगू म्हणाली. मग झोपली. सकाळी उठून विचारलं, "मम्मी, मग तो दुसरा अंकल कोण होता?"

"मग?" मी विचारलं.

"मग काय. म्हणून गेलो." रमा पाय चेपत बसली होती. "त्याच्या मुली आणि ही, दिवसभर पतंगाच्या काड्या घेऊन खेळत होत्या. भाषेचं काही अडलं नाही."

मी थंड राबडी संपवली. साहेबांचा फोन दोनदा वाजला. घेतला नाही. झोप येत होती.

२९ मार्च

मधले दिवस लिहिण्यासारखे नव्हते. अनुश्री समोरून येते, "काका, बरे आहात ना" म्हणते आणि थांबत नाही. सलोनी मराठी वाचायला येते, पण धडा संपला की जाते.

आज साहेबांनी बोलावलं. पक्षाने गावोगाव पाहणी केली म्हणे. खेड्यातले लोक सीमेबद्दल टाळ्या वाजवतात आणि घरी जाताना विधवा पेन्शनचं, मजुरांच्या विम्याचं विचारतात. साहेब ताजेतवाने दिसत होते.

"उकिडवेजी, आप शुरू से सही थे. अब सामाजिक सुरक्षा. वह आपका पैराग्राफ़ निकालिए, पूरा भाषण उसी पर. और वह दूसरी औरत थी ना, चाकसू वाली? उसे मंच पर बिठाइए."

अखेर! मी म्हटलं होतं ना, हळूहळू वळवता येईल. स्कूटरवरून घरी येताना कित्येक आठवड्यांनी हलकं वाटत होतं.

रमाला सांगितलं. ती कणीक मळत होती. मला वाटलं काहीतरी तिरकं बोलेल. म्हणाली, "जा. विचार तिला. तूच जा."

२ एप्रिल

गेलो. चाकसूपर्यंत बस, पुढे शेअर जीप, मग चालत. ऊन आत्ताच डोक्यात जातंय. मनभर भट्टीवरून यायची होती. तिच्या सासूने खाट टाकून दिली. अंगणात दोन शेळ्या, भिंतीला टेकवलेली एक सायकल, चाकं बसलेली.

मनभर आली, हातपाय धुतले, घुंघट सारखा करून लांब जमिनीवर बसली. मी खाटेवर. मलाच अवघडलं. मी सांगितलं, कॅप्टनसाहेब आता तुमच्यासारख्यांसाठीच बोलणार आहेत. तुमच्यासाठी मी आधीपासून लिहून ठेवलंय. कागद बरोबर होता. तिला वाचून दाखवला.

म्हणजे तो परिच्छेद घराबाहेर पहिल्यांदा कुणासमोर म्हटला गेला तो तिच्या अंगणात. 'एक ही छत गिरी...' शेवटपर्यंत वाचलं.

ती लक्ष देऊन ऐकत होती. सासूही.

"अच्छा लिखा है, बाबूजी," मनभर म्हणाली. "पर इसमें उनका नाम तो है ही नहीं."

मी कागदाकडे पाहिलं. खरंच नव्हतं. 'दूसरा घर' होतं, 'मज़दूर' होतं, 'तुम्हारा आदमी' होतं. फेब्रुवारीपासून कितीदा लिहिला, कितीदा सुधारला. नाव घालायचं सुचलं नव्हतं, कारण नाव मला माहीतच नव्हतं. मी कुणाला विचारलंच नव्हतं.

"मंच पर बैठूँगी तो मुझे बोलने देंगे?" तिने विचारलं. "ज़्यादा नहीं. बस इतना कि उस दिन वो काम पर गए थे."

वाटलं, हो म्हणावं. साहेबांशी बोलतो म्हणावं. शब्द देतो म्हणावं. तोंड उघडलंसुद्धा. पण तिच्या सासूने तेवढ्यात पितळी गडू पाणी भरून माझ्यापुढे धरला, आणि तो इतका काठोकाठ होता की मला आधी दोन्ही हातांनी गडू धरावा लागला.

"नहीं," मी म्हटलं. "बोलने नहीं देंगे."

मनभरने मान हलवली. वाईट वाटल्यासारखं दिसलं नाही, उलट जरा सैल झाली. "तो फिर मैं भट्टी की दिहाड़ी क्यों छोड़ूँ," म्हणाली. आणि चहा ठेवायला उठली.

चाकसूच्या स्टँडवर साहेबांचा फोन आला. मी सांगितलं, ती येणार नाही.

"आपने ठीक से समझाया नहीं होगा."

"ठीक से समझाया, साहब. इसीलिए."

ते काही वेळ बोलत राहिले. कुणी दुसरी बघा, टोंककडे बघा, मे महिन्याच्या आत बघा. मी म्हटलं, मी आता लिहीत नाही, तब्येत बरी नसते. धीटपणे काही म्हणालो असतो तर इथे लिहायला बरं वाटलं असतं, पण तब्येतच म्हणालो.

रमाने जेवण झाकून ठेवलं होतं. तिला विचारलं, "तुला माहीत होतं त्याचं नाव?"

"हो," म्हणाली. "पहिल्याच दिवशी विचारलं मी."

रामधन. चहा घेताना मीही विचारलं. रामधन बैरवा. त्या दिवशी कामावर गेला होता.